गच्चीवरची बाग उतरवायला लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीत चार वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा घरांनी मिळून गच्चीवर ड्रममध्ये भाजी लावली, नाक्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणायची, त्यात पालापाचोळा आणि घरोघरचा ओला कचरा जिरवायचा, माती अगदी थोडी. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी किचनच्याच कचऱ्यावर बाग फुलवली त्याला वीसेक वर्षं झाली, आम्ही तिथूनच शिकलो. आता नव्या कमिटीने नोटीस लावलीये, गळती होते, महिनाअखेर सगळे ड्रम खाली उतरवा.

गळतीची भीती खोटी नाहीये, गच्चीखालीच माझा फ्लॅट आहे, पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली होती. ड्रम थेट स्लॅबवर ठेवले होते, खाली पाणी साचून राहायचं. मग आम्ही ते विटांवर चढवले, पाण्याच्या जाळ्या दर रविवारी साफ करायला लागलो, त्यानंतर ओल आली नाही. कमिटीने एकदा वर येऊन बघावं एवढंच म्हणणं आहे.

कारण वर नुसती भाजी होत नाही हो. सी विंगमधले एक काका, काकू गेल्यापासून दीड वर्ष कुणाशी बोलत नव्हते, डबासुद्धा वॉचमन दारात ठेवून जायचा. वालाच्या वेलावर माव्याची कीड पडली तेव्हा मी त्यांची बेल वाजवली, ते मूळचे अलिबागकडचे, म्हटलं यांना वालातलं कळणारच. तसेच बनियनवर वर आले, पान उलटं केलं, अंगठ्याने मावा पुसला आणि म्हणाले, "आधी शेंडे खुड, मग साबणाचं पाणी मार." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी वर गेले तर हे आधीच पाणी घालत होते, आणि आता रोज असतात. वालाच्या पहिल्या शेंगा त्यांनीच घरोघरी वाटल्या, घरटी मूठभर.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँडमध्ये बाग करणाऱ्या 30 जणांना आधी ताण येईल असं काम देऊन मग काहींना अर्धा तास बागकाम आणि काहींना वाचन करायला लावलं होतं, कॉर्टिसोल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं हार्मोन, दोघांचंही उतरलं पण बागेतल्यांचं जास्त. आमच्याकडे मोजायला काही नाही, काकांचं दार आता उघडं असतं ते दिसतं.

पुढच्या महिन्यात जनरल बॉडी मीटिंग आहे. ज्या सोसायट्यांनी गच्चीवर बाग करून गळतीही आटोक्यात ठेवलीये त्यांनी वॉटरप्रूफिंग काय केलं, कमिटीशी लेखी काय ठरवलं, हे या सदरात जरूर कळवावं. आम्हाला ते मीटिंगमध्ये वाचून दाखवायचंय.

- एक वाचक, ठाणे