रविवारचा फ्रेंच सिनेमा : वेळ बदलली आहे

सभासदहो, नमस्कार.

महोत्सवातला 'बिएँव्हन्यू शे ले श्ती' (२००८) रविवारी ६ ऐवजी ५.३० ला सुरू होईल. कृपया आधी येऊन बसा. दाराशी ओळखपत्र दाखवावं लागेल.

दक्षिण फ्रान्समधल्या एका पोस्टमास्तराची शिक्षा म्हणून पार उत्तरेला, बेर्गला बदली होते. तिथली बोली त्याच्या डोक्यावरून जाते, कारण तिकडे 'स'चा 'श' होतो. आधीच्या साहेबानं फर्निचर का नेलं, तर तिथला पोस्टमन म्हणतो 'सिएँ', म्हणजे त्याचंच असेल. याला ऐकू येतं 'शिएँ', म्हणजे कुत्रे! फर्निचर कुत्र्यांचं कसं, हे त्याला काही केल्या कळेना. इंग्रजी सबटायटल्समध्ये ही गंमत थोडी निसटते, म्हणून आधीच सांगून ठेवलं. मालवणी किंवा वऱ्हाडी घरातल्यांना जास्त समजावायला नको.

दिग्दर्शक दानी बून स्वतः त्याच भागातला, आणि सिनेमातल्या त्या पोस्टमनची भूमिकाही त्यानंच केलीय. फ्रान्समध्ये या सिनेमाची दोन कोटींहून जास्त तिकिटं खपली. कॉफीत बुडवलेल्या उग्र वासाच्या चीजकडे लक्ष असू द्या.

पाहुणा आणायचा असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. आणि हो, मोबाइल बंद. मागच्या वेळी ऐन विनोदात दोनदा वाजला.

– कार्यवाह