मागे उभा राहणारा खेळाडू

महोदय,
आपल्या क्रीडा पानावर गोल करणाऱ्यांची छायाचित्रे नेहमी दिसतात. बचावपटू मात्र चुकला तरच बातमीत येतो. म्हणून इंग्लंडचे फुटबॉल बचावपटू टोनी ॲडम्स यांच्याविषयी चार ओळी लिहीत आहे. १९८३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी लंडनच्या आर्सेनल क्लबकडून पहिला सामना खेळलेले ॲडम्स २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे गेले नाहीत. एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले आणि इंग्लंडमधील लीगचे विजेतेपद त्यांनी चार वेळा मिळवले. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्यांना तुरुंगवासही घडला होता. परंतु व्यसनातून बाहेर पडल्यावर २००० मध्ये त्यांनी अशाच खेळाडूंच्या उपचारांसाठी संस्था काढली, हे मला चारही विजेतेपदांहून मोठे वाटते.

प्रशिक्षक म्हणून २०१० मध्ये ते थेट अझरबैजानमधील गबाला संघाकडे गेले. २०१७ मध्ये स्पेनमधील ग्रनाडा या आधीच गाळात रुतलेल्या संघाची सूत्रे त्यांनी घेतली आणि सातच्या सात सामने गमावले. उत्तम खेळणे आणि परक्या भाषेतल्या मुलांकडून खेळवून घेणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या परभणीत संध्याकाळी मैदानावर जमणाऱ्या प्रत्येक मुलाला पुढेच खेळायचे असते आणि मागे उभे राहणे ही शिक्षा वाटते. मराठवाड्यातील शालेय स्पर्धांचे वृत्त देताना बचाव फळीतील मुलांची नावेही छापावीत, ही विनंती.

– एक वाचक, परभणी