‘पॅनल गेलं’ ऐकल्यावर आधी टॉर्च मारा

महोदय,

सणासुदीत एक्स्चेंज ऑफरच्या पानभर जाहिराती येतात आणि थोडक्या खर्चात चालू झाले असते असे टीव्ही भंगाराच्या भावाने दुकानात जमा होतात. टीव्ही दुरुस्त करायचा की बदलायचा, हे तो किती जुना आहे यापेक्षा आत काय गेलंय यावर ठरवावं. एलईडी टीव्हीत मोठे भाग चारच : पॅनल (चित्र दिसतं तो काचेचा पडदा), पॅनलमागच्या उजेडाच्या पट्ट्या (बॅकलाइट), पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड. काहींत पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा टी-कॉन नावाचा छोटा बोर्ड वेगळा असतो. पॅनल फुटलं, तर त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते. तिथे दुरुस्तीचा विचारच करू नये. बाकी तिन्हींचं काम बहुतेक वेळा परवडतं.

सर्वाधिक फसगत होते ती ‘आवाज येतो, चित्र नाही’ या तक्रारीत, ‘पॅनल गेलं’ असं सांगून. टीव्ही चालू करा, रिमोटवरून मेनू उघडा, खोलीतले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. आत मेनूची पुसट अक्षरं दिसली, तर पॅनल शाबूत आहे आणि बॅकलाइट गेला आहे. पट्टीवरचे एलईडी एका माळेत जोडलेले असतात. एक उडाला की अख्खी माळ विझते. कधी सेकंदभर उजेड येऊन जातो, तो पट्ट्यांना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटने बिघाड ओळखून स्वतःला बंद केल्यामुळे. पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसत असतील, तर एलईडीवरची भिंगं गळून पडली आहेत. ती पुन्हा चिकटवता येतात.

३२ इंचीच्या पट्ट्यांचा संच पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो. मजुरी धरून दीड-दोन हजारांच्या आसपास काम व्हायला हरकत नाही. एकच एलईडी बदलून घेऊ नका, बाकीचे तेवढेच तापून म्हातारे झालेले असतात. पट्ट्यांची लांबी, एलईडींची संख्या आणि ते ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे, हे जुळलंच पाहिजे. काम झाल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट ६०-७० वर ठेवा. ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये शंभरावर चालवलेल्या पट्ट्याच लवकर जळतात.

खरी जोखीम पॅनल उचलताना असते. काच पातळ, आणि कडेला चिकटवलेल्या फिती नखाच्या धक्क्यानेही फाटतात. ४३ इंचाच्या वर दोन माणसं लागतातच. काम देण्याआधीच विचारा : उचलताना पॅनल फुटलं तर नुकसान कोणाचं? उत्तर बिलावर लिहून घ्या.

पडद्यावर कायमची उभी रेघ असेल, किंवा उभा अर्धा भाग काळा झाला असेल, तर बहुधा त्या फितींचा जोड सुटलेला असतो. शहरांत बाँडिंग मशिनवर तो पुन्हा बसवून देतात, पण किती दिवस टिकेल याची खात्री कोणी देत नाही. ३२ इंचीसाठी तो खर्च करू नये. मोठ्या, महागड्या टीव्हीसाठी लेखी वॉरंटी मिळाली तरच करावा.

लाल दिवाच लागत नसेल तर पॉवर सप्लाय बघावा लागतो. फ्यूज उडालेला किंवा कॅपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) डोकं फुगलेलं असतं. सुटा भाग काही रुपयांचा, पैसे लागतात ते कारागिराच्या हाताचे. मात्र मागचं झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो.

वळवाच्या विजांत मदरबोर्ड जातो तो बऱ्याचदा डिशच्या वायरीतून, सेटटॉप बॉक्समार्गे, एचडीएमआयच्या तोंडातून. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि एचडीएमआय केबल दोन्ही काढावी लागतात. त्याच मॉडेलचा बोर्ड मिळाला तर उत्तम. ‘युनिव्हर्सल’, म्हणजे अनेक मॉडेलांना चालणारा, बोर्ड बसवला तर रिमोट बदलतो आणि मूळ स्मार्ट सोयीही जातात, हे ग्राहकाला आधी सांगितलं जात नाही. लोगोवर अडकलेल्या टीव्हीत कित्येकदा नुसतं सॉफ्टवेअर भरून काम होतं. पण मॉडेलबरोबर पॅनल नंबरही जुळायला हवा, नाहीतर चित्र उलटं दिसतं किंवा रंग विस्कटतात.

अ‍ॅप रखडतात म्हणून टीव्ही बदलणं तर शुद्ध उधळपट्टी. एचडीएमआयला लावायची, अ‍ॅप चालवणारी स्टिक घ्या आणि तिला तिचाच अ‍ॅडॅप्टर द्या. टीव्हीच्या यूएसबीवर चालवली की ती कित्येकदा मधूनच रीस्टार्ट होते.

हिशेब करताना तुलना आजच्या किमतीशी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. करासह ३२,००० चा टीव्ही त्या हिशेबाने २९,५०० ला पडतो. दुरुस्ती या आकड्याच्या निम्म्यावर गेली तर नवा घ्यावा, तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर दुरुस्त करावा. मधल्या भागात मी पॅनलची चमक बघून ठरवायला सांगेन.

सर्व्हिस सेंटरने पट्ट्या सुट्या मिळत नाहीत म्हणून अख्ख्या पॅनलचं कोटेशन दिलं, तर ते लेखी मागा आणि बाहेर दुसऱ्याकडून तपासून घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बदललेला जुना भागही परत मागून घ्या.

आणि पॅनल खरंच फुटलं असेल, तर एक्स्चेंजचे पाच-सातशे घेण्याआधी टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारा. आतला चांगला मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि स्पीकर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टीव्हीला लागतात, आणि तो त्याचे वेगळे पैसे देतो.

– एक टीव्ही तंत्रज्ञ, पुणे