डिसेंबरात टीमपाशी राहिलेल्या मुलास

चि. सोन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाताळात घरी येणार नाहीस, हे फोनवर सांगताना तुझा आवाज पडला होता. म्हणून पहिल्यांदा तेच लिहिते. मला वाईट वाटलं, पण राग अजिबात नाही. बास्केटबॉल कोचच्या घरात माझं निम्मं आयुष्य गेलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सीझन सुरू झाला की मार्चपर्यंत भिंतीवरचं कालनिर्णय नुसतं टांगायला असतं, हे तूही लहानपणापासून पाहिलंस. आता तू स्वतः ग्रॅड असिस्टंट, म्हणजे पदवीनंतर शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम करणारा, झालास, तोही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तरावर, डिव्हिजन वनच्या टीममध्ये. आणि पहिल्याच वर्षी तुझ्या हेड कोचनी सुट्टीत मागे राहणाऱ्या मुलांची जबाबदारी तुझ्यावर सोपवली. बाबा त्या दिवसापासून भेटेल त्याला हे सांगतायत. व्हिडिओ कापणं, समोरच्या टीमचे प्ले लिहून काढणं, हे तू त्यांच्याकडून शिकशीलच. सुट्टीतल्या त्या चार-पाच दिवसांचं काम मात्र मला जास्त माहीत आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या घरचे सण कसे व्हायचे आठवतं ना? मंडळाची दिवाळी नोव्हेंबरातल्या कुठल्यातरी शनिवारी, आणि शनिवार म्हणजे मॅच. फराळाचे डबे आणि तुम्हा दोघांना घेऊन मी मंडळात, बाबा टीमबरोबर बसमध्ये. लक्ष्मीपूजनाला ते पोचेपर्यंत ताई सोफ्यावर झोपलेली असायची. थँक्सगिव्हिंगला अख्खं कॉलेज बुधवारी रिकामं व्हायचं आणि टीम तेवढी मागे, कारण शनिवार-रविवारी टूर्नामेंट. मोठ्या कॉलेजांच्या टीम त्याच आठवड्यात टूर्नामेंटसाठी हवाईतल्या माउई बेटावर जातात, बहामाला जातात. लोकांना वाटतं मजा आहे. बहामात तर हॉटेलच्या बॉलरूममध्येच कोर्ट मांडतात. मुलांना समुद्र खिडकीतून दिसतो, बाकी हॉटेल, बस, व्हिडिओ आणि मॅच. आपल्यासारख्या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात तेही नाही. इथे खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा मिळत नाही, मुलं आपली फी भरून खेळतात आणि सुट्टीही देतात. त्यांच्याबद्दल मला नेहमीच फार आदर वाटत आला.

डिसेंबरात परीक्षा संपल्या की बाबा टीमला नेस्मिथची गोष्ट सांगतात. १८९१ सालच्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या शाळेत अठरा मुलांच्या वर्गासाठी नेस्मिथने हा खेळ रचला. तेरा नियम, पीचच्या दोन टोपल्या, एका बाजूला नऊ जण. मग नाताळाची सुट्टी लागली आणि मुलं घरी जाताना खेळ बरोबर घेऊन गेली. आपापल्या गावच्या वायएमसीएत त्यांनी तो शिकवला, तिथून तो पसरला. म्हणजे या खेळाचा प्रसार केला तो सुट्टीत घरी गेलेल्या मुलांनी. आणि आज त्याच खेळापायी कितीतरी मुलांना सुट्टीत घरी जाता येत नाही. ही गोष्ट ऐकताना दरवर्षी माझ्या मनात तेवढंच येतं.

आता मुद्द्याचं. मागे राहिलेल्या मुलांसाठी झाड सजवणं, पिझ्झा मागवणं, सगळ्यांना मिळून सिनेमा दाखवणं हे सगळे करतात. करावंही. पण त्याच्या आधी प्रत्येकाला वेगळं गाठून विचार, तुझ्या घरी त्या दिवशी काय असतं? मग त्यातली एक गोष्ट, एकच, जमेल तशी कर.

हे मी शिकले त्या लिथुआनियाच्या मुलाकडून. तू तेव्हा आठवी-नववीत होतास, त्याचे बूट दारात पाहून तू त्यात दोन्ही पाय घालून उभा राहिला होतास. कौनासचा मुलगा, बोलणं अगदी कमी. विमानाचं भाडं परवडेना म्हणून तो राहिला. कॉलेजने त्याच्यासाठी डॉर्ममधली एक खोली उघडी ठेवली, पण मेस बंद. तो आपल्याकडे जेवायला यायचा, ताटली स्वतः धुऊन ठेवायचा आणि जायचा. मी विचारलं तेव्हा कुठे बोलायला लागला. त्यांच्याकडे चोवीस तारखेच्या रात्रीचं जेवण मोठं. बारा पदार्थ, आणि त्यात मांस नाही. जुन्या पद्धतीच्या घरांत दूधही नाही, अंडंही नाही, मासे चालतात. टेबलक्लॉथखाली थोडं गवत पसरतात. घरातलं कोणी वर्षभरात गेलं असेल तर त्याच्या नावाची जागा मांडतात. आणि आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय कोणी जेवायला बसत नाही.

मांसाशिवाय बारा पदार्थ! माझ्या सासूबाईंनी मला तयार केलं होतं ते जणू याच्यासाठीच. पण मी त्याला म्हटलं, आपले पदार्थ मी रोजच करते, तुझ्या आईला विचारून सांग. तर त्यात निघाली खसखस. खसखस भिजवायची, वाटायची, पिळून तिचं पांढरं दूध काढायचं, गोड करायचं आणि त्यात पिठाचे भाजलेले छोटे कडक गोळे बुडवून खायचे. खसखशीची खीर माझी आजी करायची, हात आपोआप चालले. पाटावरवंट्याऐवजी मिक्सर, एवढाच फरक. गोळ्यांसाठी त्याच्या आईने व्हिडिओवर पीठ कसं मळायचं ते दाखवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला लिथुआनियन येत नव्हतं, आणि आमचं काहीही अडलं नाही. बीटचं एक, मश्रूमचं एक, हेरिंग मासा दुकानातून बरणीतला. उरलेल्या जागा भरायला माझी बटाट्याची भाजी, मटारची उसळ आणि कोशिंबीर. बारा भरले.

यात बाबांनी केलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, ती लिहून ठेव. कौनास आपल्या इंडियानापेक्षा सात तास पुढे. तिथे पहिली चांदणी दिसायची ती आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला. बाबा त्या सकाळी मुलांना शूटिंगला जिम उघडून देणार होते, त्यांनी ते दुपारवर ढकललं. तो दहा वाजता आपल्या स्वयंपाकघरात लॅपटॉपपुढे बसला आणि तिकडे घरचे जेवायला बसले तेव्हा त्यांच्यात होता. संध्याकाळी मग आपलं जेवण. त्या वर्षी सीझन साधाच गेला. पण तो मुलगा चारही वर्षं आपल्याकडेच राहिला, आणि आजही चोवीस तारखेला त्याच्या आईचा मला फोटो येतो.

दुसरा होता सेनेगलचा. मुसलमान, त्यामुळे नाताळाशी त्याचा काही संबंध नाही. इतर कोच म्हणाले, बरंच झालं, त्याला काही वाटणार नाही. असं कधी धरून चालू नकोस. सण आपला नसला तरी रिकामं डॉर्म रिकामंच असतं. त्याला मी जेवणाचं विचारलं तेव्हा हलाल मांस आणून मी करायला तयार होते, पण त्याला हवा होता निवांत फोन. डाकार पाच तास पुढे, आणि संध्याकाळची प्रॅक्टिस सुटेपर्यंत त्याची आई झोपलेली. सुट्टीत प्रॅक्टिस सकाळी लागली आणि तो रोज तासभर बोलू लागला. तुझ्याकडे वेळापत्रक आखायचं काम आहे ना? त्यात प्रत्येक मुलाच्या घरचं घड्याळ बाजूला लिहून ठेव.

वेळापत्रकावरून आणखी एक. शाळा चालू असताना तुमच्याकडे आठवड्याला वीस तास आणि दिवसाला चार तासांची मर्यादा असते. सुट्टीत ती उठते. कोच लोकांना याचा मोह पडतो, दोनदा प्रॅक्टिस, वर व्हिडिओ. तू सर्वांत धाकटा, तुझं कोणी ऐकणार नाही, पण मुलांचे डोळे तुला दिसतील. फार दमलेलं कोणी दिसलं तर मुलांची तब्येत बघणाऱ्या ट्रेनरच्या कानावर घाल, तेवढं तुझ्या हातात आहे.

बाबांची आणखी एक आवडती गोष्ट तुला पाठ आहे. २३ डिसेंबर १९८२, होनोलुलूत चॅमिनाड नावाच्या चिमुकल्या कॉलेजने देशात पहिल्या नंबरच्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७७-७२ असं हरवलं. समोर त्यांचा राल्फ सॅम्पसन, सात फूट चार इंच. माउईची ती टूर्नामेंट पुढे १९८४ मध्ये सुरू झाली ती या एका मॅचच्या पुण्याईवर. बाबा त्यातून लहान कॉलेजची हिंमत काढून मुलांना देतात, आणि ते बरोबरच आहे. पण व्हर्जिनियाची टीम जपानमध्ये खेळून घरी परतत होती, नाताळ दोन दिवसांवर होता. मला त्या गोष्टीत कितीतरी दिवस घराबाहेर असलेली, दमलेली मुलं दिसतात. कोच म्हणून तुला दोन्ही दिसायला हवीत.

घरी जाऊन परत येणारी मुलं हा वेगळा विषय आहे आणि त्यात जास्त लक्ष लागतं. ती सव्वीसला परततात तेव्हा बॅगा भरलेल्या असतात, चेहरे मात्र गेले होते तसे नसतात. घरी काका, मामा, शेजारी, सगळे एकच विचारतात, तुला खेळवत का नाहीत? आपल्याकडे दहावीच्या मुलाला मार्क विचारतात तसंच. तीन-चार दिवस हे ऐकून पहिल्या वर्षाचं पोर येतं तेव्हा त्याचं मन निम्मं टीमबाहेर गेलेलं असतं. सीझन संपल्यावर ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकणाऱ्या मुलाचा निर्णय पुष्कळदा डिसेंबरातल्या जेवणाच्या टेबलावर झालेला असतो, हे बाबांचं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे. विमानतळावर आणायला तूच जाणार आहेस. गाडीत खेळाचं काढू नकोस. आजी कशी आहे, भाऊ किती उंच झाला, असं विचार. त्याला बोलायचं असेल ते तो स्वतःच काढेल, आणि काढलं की मधे न बोलता ऐक. आश्वासन मात्र देऊ नकोस, किती मिनिटं खेळवायचं हे तुझ्या हातात नाही.

मुलांना जेवायला बोलावणार असशील तर आधी कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्यांना, कळव. अधूनमधून घरी जेवायला बोलावणं नियमात बसतं, पण भेटवस्तू, पैसे, राहायला जागा यात कायकाय अडतं ते त्यांना विचारूनच ठरव. आणि ॲलर्जीची यादी ट्रेनरकडून घे. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं? बाबांच्या टीममध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला मुलगा आला तेव्हा मी कुटाचे डबे गॅरेजमध्ये नेऊन ठेवले, कढया घासून घेतल्या आणि कोशिंबिरीत ओलं खोबरं घालायला लागले. चवीला वेगळं लागतं, पण बारा-पंधरा मुलं निर्धास्त जेवली. अंदाज म्हणून सांगते, ही मुलं आपल्या घरच्या माणसाच्या तिप्पट जेवतात. चिकनचा रस्सा आदल्या दिवशी करून ठेव, तिखट अगदी कमी, आणि भात दोन कुकर. पोळ्यांच्या नादी लागू नकोस, टॉर्टिया भाजून दे.

तुझ्या मैत्रिणीला तारखा आत्ताच सांग. अंदाजे नको, नेमक्या. मॅच कधी, बस कधी सुटते, फोन कधी करता येईल. कोचच्या माणसाला वाट बघणं जमतं, पण कशाची वाट बघायची ते माहीत असावं लागतं. आपल्या इंडियानाचेच कोच जॉन वुडन. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, पण प्रत्येक मॅच सुरू होण्याआधी मागे वळून बायकोकडे, नेलकडे, बघायचे आणि बोटांनी खूण करायचे. १९८५ मध्ये ती गेल्यावर दर महिन्याच्या २१ तारखेला तिला पत्र लिहायचे. एवढी माणसं भोवती असलेल्या माणसाला एक माणूस आपलं लागतंच. तिला ती जागा दे.

बाबांची टीम सत्तावीसला परत येते, मेस जानेवारीपर्यंत बंद, त्यामुळे आपल्याकडे रोज पंगत आहे. ताई आणि छोटी चोवीसला येतील. सकाळी दहाला आम्ही व्हिडिओवर असू, तुझ्याकडची मुलं जागी असतील तर त्यांनाही बसव, छोटीला उंच माणसं फार आवडतात. पार्सल कालच टाकलंय. चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, आणि तुझे हातमोजे, जे तू दरवर्षी विसरतोस.

तब्येतीला जप. रात्री उशिरापर्यंत स्क्रीनपुढे बसू नकोस.

तुझी,
आई

ता. क. शेंगदाण्याची चटणी तुझ्या एकट्यासाठी वेगळ्या पिशवीत बांधली आहे, आणि चिवड्यातही दाणे आहेत. यादी हातात आल्याशिवाय यातलं काहीही मुलांपुढे उघडू नकोस.