सूचीतला १७ नंबर

प्रिय सुध्या,

महिन्यामागं तुझा मेसेज आला, प्रदर्शन कसं झालं म्हणून, अन मी नुसता अंगठा पाठवला. रागावू नको गड्या, फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून आता बसून लिहायलोय.

तर दिवाळीनंतर आमच्या वाचनालयानं जुन्या पोथ्या अन दुर्मिळ पुस्तकांचं प्रदर्शन भरवलं, तीन दिवस. काचेच्या पेट्या नव्हत्या, तर एका सराफानं जुने काउंटर दिले, जिथं बांगड्या असायच्या तिथं पोथ्या. दारात संतकवी दासोपंतांच्या पासोडीच्या, म्हणजे त्यांनी कापडावर लिहिलेल्या काव्याच्या फोटोचा फ्लेक्स. अंबाजोगाईची मूळ पासोडी ४० फुटी कापड, आमचा फ्लेक्स १२ फुटाचा, तरी सगळ्यांचे सेल्फी तिथंच. उद्घाटनाला साहेब आले, ग्रंथपूजन म्हणून त्यांनी थेट शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या पुस्तकावर चिमूटभर हळदीकुंकू टाकलं की! १८६७ च्या आधीचं, ज्यांना दोलामुद्रित म्हणतात त्यांतलं आमच्याकडं तेवढं एकच. रात्री ब्रशनं झटकत बसलो, पिवळा डाग राहिलाच.

सूची माझ्याकडं होती. तुला माहितीय मला शंकर गणेश दात्यांच्या ग्रंथसूचीचं किती वेड, १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं, पहिला खंड १९४४ चा, तसं काहीतरी आपण पण करावं असं डोक्यात. ४६ नोंदी केल्या, प्रत्येकीला पत्रे म्हणजे पोथीची सुटी पानं किती, लांबी-रुंदी, पानावर ओळी किती, आरंभ, शेवट, सगळं. मजकूर गेला ३८ पानांवर. प्रेसवाला मनला, "सर, ३२ मधीच बसवा, दोन फॉर्म होतेत, पुढं गेलं की खर्च वाढतो." शुभेच्छा संदेशांची सहा पानं तर कुणी काढू देणार नव्हतं, मग मी नोंदीच कापल्या.

त्यात १७ नंबर. गंगाखेडच्या एका आजीनं दिलेली नाथ भागवताची पोथी, अपुरी, लाल बासनात. मी मुक्काम करून ती बघितली होती. बोरूनं लिहिलेलं अक्षर, मधी एक ओवी सुटलेली तर काकपद म्हणजे सुटल्याची खूण करून समासात बारीक अक्षरात घातलेली, अन चुकलेल्या शब्दावर हरताळ, चूक झाकायचा पिवळा रंग. आपण उठसूट 'हरताळ फासला' म्हणतो ना, तो खरा हरताळ मी तिथं बघितला, थोडा खवल्यासारखा उठलेला, अन त्याच्यावर परत नवं अक्षर. शेवटच्या पानावर लेखकूनं, म्हणजे पोथी उतरवून काढणाऱ्यानं, तोच नेहमीचा श्लोक लिहिलेला, तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत्, तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ. छापील नोंदीत राहिलं काय, तर "एकनाथी भागवत, हस्तलिखित, अपूर्ण." बस.

परवा आजीकडं सूची द्यायला गेलो. पोथी कुठंय विचारलं तर त्यांचा मुलगा एकदम सहज मनला, "सोडली की गंगेत. जीर्ण पोथी घरात ठेऊ नाही मनतेत." गंगा म्हणजे आपली गोदावरी. तो मला चहा द्यायला अन मला घोट उतरेना. त्याला काय बोलणार, त्यानं श्रद्धेनंच केलं, अन तीन दिवस ती आमच्या काउंटरमधी होती तवा एक पान स्कॅन करायचं मलाही सुचलं नाही. फोनमधी फोटो आहे एक, अर्ध्या पानावर ट्यूबलाइटची चकाकी.

नशीब माझी कच्ची वही होती. पत्रे ८४, ओळी ९, समासातली ती ओवी, हरताळ कोणत्या पानावर, सगळं तिच्यात आहे. छापल्या ३०० प्रती, त्यातल्या २०० च्या वर वाचनालयात गठ्ठ्यात पडून. आता रोज संध्याकाळी जातो अन १७ नंबरच्या शेजारी समासात पेनानं पूर्ण नोंद लिहितो. ४० झाल्यात. ग्रंथपाल बघून हसतेत, हसू दे.

तुझी प्रत सोबत पाठवायलोय. तिच्यात एक शब्द चुकला तिथं व्हाइटनर लावलंय, हरताळ काय मिळाला नाही.

तुझा,
बंड्या