बाळ्या, एकदा त्या गाडीखाली झोपून बघ

प्रिय बाळ्या,

मी मेसेजला उत्तर देत नाही म्हणून घरी फोन करून माझी चुगली केलीस म्हणे. आता घे, लांबलचक लिहितोय, भोग. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच, गोळ्या चालू. झालं.

एमजीबी बघून आलो, ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. रोडस्टर, म्हणजे उघडी, तारांची चाकं, गडद हिरवी. मन्याला फोटो पाठवला तर म्हणे काय रंग आहे, घेऊन टाक. आप्पा म्हणाला, ह्या वयात? म्हणजे कामाचं कोणीच बोललं नाही, आणि मला जे खटकलंय ते तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यात अर्थ पण नाही.

विकणारा म्हणतो गाडी १९६४ची. दारांना ओढायची हँडलं आहेत, बटणवाली १९६५ मध्ये आली, आणि त्या हँडलांपायीच तो एवढे जास्त मागतोय. बॉनेटखालच्या प्लेटवर नंबर जीएचएन३ ने सुरू होतो, म्हणजे मार्क वन, पहिल्या मॉडेलची रोडस्टर. इथपर्यंत सगळं गोड. पण प्लेटचे रिवेट कोरे, चकाचक, आणि आजूबाजूचा रंग बघितला तर कधीचा जुना, बारीक भेगा पडलेला. तिथेच माझी पहिली पाल चुकचुकली.

मग इंजिनचा नंबर पुसून वाचला. १८व्ही. ते इंजिन १९७१ च्या मागे जातच नाही. बरं, इंजिन बदललेलं असणं काही गुन्हा नाही, साठ वर्षांत कोणाचं बदलत नाही? शिवाय सुरुवातीच्या इंजिनात क्रँकला (पिस्टन फिरवतात तो दांडा) तीनच मेन बेअरिंग, ६४ संपता संपता पाच झाली, आणि ह्या विषयावर आपण किती रात्री घालवल्यात ते आठवतंय ना. तू म्हणायचास तीनवालं मोकळं फिरतं, मी म्हणायचो फिरतं आणि मग मालकाला गॅरेजात फिरवतं. माझंच बरोबर होतं, अजून आहे.

खरी गोम पुढे आहे. चालवायला घेतली आणि गाडी हळू चालत असताना मुद्दाम पहिला गिअर टाकला. मार्क वनला पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर गुपचूप पाडणारी कडी, नाही, करकर व्हायला पाहिजे. काही नाही. गपचूप पडला. सिंक्रो आला १९६७ च्या शेवटी, मार्क टू बरोबर, आणि तो गिअरबॉक्स मोठा म्हणून कारखान्याने गाडीचा मधला बोगदाच, गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा, रुंद केला, जुन्या बॉडीत तो कापाकापी केल्याशिवाय बसत नाही. म्हणून मी कार्पेट उचललं. कुठे कापल्याची, वेल्डिंग केल्याची खूण नाही, बोगदा जन्मापासून रुंद. मग जमिनीवर आडवा झालो (गुडघ्याने शिव्या दिल्या) आणि मागचा एक्सल बघितला. रोडस्टरला मार्क वनमध्ये बँजो एक्सल असतो, मधे गोल परातीसारखा. हिला नळ्यांचा सॅल्सबरी, नंतरच्या गाड्यांचा.

म्हणजे काय, तर ही गाडी मार्क टू किंवा त्याच्याही नंतरची, आणि तिच्या अंगावर दुसऱ्या कुठल्यातरी मेलेल्या गाडीची प्लेट आणि दारं चढवलीत.

आता तू म्हणशील नवीन शेल, म्हणजे नुसता बॉडीचा सांगाडा, असेल. मी पण आधी तोच विचार केला, एमजीबीचे नवे शेल १९८८ पासून मिळतातच, आणि तसा शेल घालून जुनं सामान चढवलं असेल तर बिल दाखव, विषय संपला. पण नव्या शेलला एवढी पुट्टी कशाला लागेल रे? रुमालात गुंडाळून चुंबक फिरवला. पुढच्या चाकामागे, विंगच्या खालच्या टोकाला तो चिकटेचना, घसरून सरळ माझ्या बुटावर पडला. विकणारा वरून सांगतोय, सगळा पत्रा आहे साहेब, सगळा ओरिजिनल पत्रा. दाराची मागची फट बघितली तर वरच्या बाजूला नखसुद्धा जात नव्हतं आणि खाली करंगळी आरामात. उघड्या गाडीला छप्पर नाही, सगळा जोर दाराखालच्या सिलवर, आणि कोणीतरी बॉडीला खालून आधार न देता ते कापून बदललेत. गाडी मधून खचली, ती तशीच वेल्ड झाली. जॅक लावून एक कोपरा उचलायला सांगितला तर ते दार उघडेचना.

बाकी वरवर बघितलं. ब्रेक दाबायला लावून चाक वर-खाली हलवलं, तरी ढिलं लागलं, म्हणजे बेअरिंग नाही, किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खिळा) गेलीय, वर्षानुवर्षं ग्रीसच नाही. हँडब्रेक ओढून चाक पुढे-मागे ढकललं की टक टक, तारांचं चाक ज्या दात्यांवर बसतं ते स्प्लाइन झिजलेत. थंड इंजिन चालू करून दाखव असं आधीच बजावलं होतं तरी पोचलो तेव्हा रेडिएटर गरम. पण ऑइल प्रेशर गरम इंजिनवर चालताना साठाच्या आसपास, त्यात नाव ठेवायला जागा नाही.

इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट काढायचं म्हणतोय. कारखान्याच्या नोंदीवरून ते सांगतात गाडी कधी बांधली, मूळ रंग कुठला, इंजिन नंबर काय. पण ते सांगणार प्लेटवरच्या नंबरबद्दल. त्या प्लेटखाली कुठला पत्रा आहे हे त्यांना कुठून कळणार? सर्टिफिकेट अगदी खरं येईल, आणि हा पठ्ठ्या ते फ्रेम करून अजून किंमत वाढवेल.

आणि तरी सांगतो, गाडी चालते फार छान. पाच बेअरिंग, सिंक्रोवाला पहिला, ओव्हरड्राइव्ह (लांबच्या रस्त्याचा जादा गिअर) पण लागतो. रोज बाहेर काढायची तर खऱ्या ६४ पेक्षा हीच बरी. मार्क टू म्हणून, मार्क टूच्या भावात, सिलचं काम धरून विकली असती तर मी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. राग गाडीचा नाहीच, प्लेटचा आहे. तुझी ती मोटारसायकल आठव, इंजिन एकाचं, चासिस भलत्याचीच, आणि तू मला म्हणाला होतास मला काय, चालते ना. त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो. तेव्हा मी जे जे बोललो ते आता स्वतःलाच ऐकवतोय, आणि पटत नाहीये, हीच तर पंचाईत आहे. आणि उद्या मी ती विकायला काढली तर कागदावर काय लिहू? १९६४?

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीची नोकरी लागली म्हणून मन्याकडून कळलं, अभिनंदन सांग, तिथे घर मिळालं का? तुझं ते भाडेकरूचं लफडं मिटलं असेल अशी आशा.

मी त्याला उत्तर दिलेलं नाही, रविवारपर्यंत थांब म्हटलंय. तू ये. मी बोगदा बघितला, एक्सल बघितला, पण आतल्या सिलचं, त्याच्या खालच्या कॅसल रेलचं वेल्डिंग तुला जास्त कळतं हे मी लेखी मान्य करतोय, हा कागद जपून ठेव. आणि तू नको म्हणालास तर आपण मुकाट्याने निघून येऊ. मुकाट्याने म्हणजे तू. मी त्याला रिवेटबद्दल दोन शब्द सुनावणारच.

येताना लांब मानेचा टॉर्च आण. माझाच आहे तो.

तुझा,
नान्या