आई, ती ट्यूब आणि तुझे वांग

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. फोनवर मी तुझ्या चेहऱ्यावरच्या वांगाच्या डागांचा विषय काढला की तू "बरं बरं" म्हणतेस आणि लगेच जेवलीस का विचारतेस, म्हणून आता लिहूनच पाठवतेय, चष्मा लावून नीट वाच.

धाकटीने मला तुझ्या त्या ट्यूबचा फोटो पाठवला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तीन नावं आहेत, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टिरॉइड आहे गं. डॉक्टर हे कॉम्बिनेशन देतात पण थोडे आठवडे, लक्ष ठेवून. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन्महिने लावायची ही वस्तू नाही, सुरुवातीला चेहरा उजळतो आणि मग कातडी पातळ होते, लाली येते, पुरळ येतं, लव वाढते. आणि हे वाचून आजच्या आज फेकूनही देऊ नकोस, खूप दिवस लावलेली असली की एकदम बंद केल्यावर आग आग होते, म्हणून आधी स्किनच्या डॉक्टरला ट्यूब दाखव, ते सांगतील कशी सोडायची.

इथे ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला उन्हाचं लोक फार मनावर घेतात. हवामानाच्या बातम्यांत तापमानासोबत यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा आकडा येतो, 3 च्या वर गेला की टोपी आणि सनस्क्रीन, आणि इथे भर थंडीतसुद्धा दुपारी तो 3 च्या वर जातो. शाळेत टोपी नसेल तर पोरांना मैदानावर सोडत नाहीत, सावलीत बसवतात. 1981 पासून यांची मोहीम चालू आहे, अंगभर शर्ट घाला, क्रीम चोपडा, टोपी घाला. गोऱ्या कातडीला कॅन्सरची भीती जास्त म्हणून हे सगळं, पण डागांचं मूळही तेच ऊन आहे. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या नाकागालावर लहानपणापासून तपकिरी ठिपके आहेत, फ्रेकल्स म्हणतात, घराण्यातच आहेत, उन्हाळ्यात गडद होतात आणि थंडीत फिके.

तुझं तसं नाही, तुझे वांग आहेत. माझ्या वेळी दिवस गेले तेव्हा पहिल्यांदा आले असं तूच सांगतेस, ते हार्मोन्समुळे, पण टिकून राहिलेत ते उन्हाने आणि उष्णतेने. काकी म्हणते रक्त अशुद्ध आहे, तिचं ऐकून ते कडू काढे पिऊ नकोस. एप्रिलमध्ये भर दुपारी गच्चीवर कुरडया घालत बसतेस ना, तेव्हा आपल्याकडे यूव्ही 11 च्याही वर जातो! पहाटे घालून ये, राखणीला बाबांना बसव. दुपारी खिडकीतल्या खुर्चीत पेपर वाचतेस, तिथेही काचेतून यूव्हीए, त्या अतिनील किरणांचाच एक प्रकार, आत येतोच, खुर्ची आत सरकव. गॅससमोर तासन्‌तास उभं राहिल्यानेही वांग गडद होतात, भाकऱ्या करताना एक्झॉस्ट लाव आणि मधे बाजूला हो.

लिंबू चोळणं तर आधी बंद कर. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग राहतात. डाळीच्या पिठाने खसाखसा घासणंही नको, आपल्या सावळ्या कातडीला जरा ओरखडा, जळजळ काही झालं की तिथे डाग धरतोच, थ्रेडिंगनंतर तुझ्या ओठावर झालं होतं तसं.

सनस्क्रीन टिंटवालं घे, एसपीएफ 30 किंवा 50 चं, आयर्न ऑक्साइड लिहिलेलं बघून. वांग नुसत्या उजेडानेही वाढतात आणि साधं पांढरं क्रीम तो उजेड अडवत नाही. दोन बोटांवर लांब रेघ ओढून चेहरा-मानेला पुरेल एवढं लाव, बाहेर असशील तर दोन तासांनी परत. पांढरट दिसत नाही, कातडीच्या रंगाचंच असतं, त्यामुळे हळदीकुंकवाला जाताना पण लावता येईल.

वांग पूर्ण जातीलच असं नाही पण बऱ्याचदा फिके पडतात, दोन-तीन महिने धीर धर. धाकटीला शनिवारची अपॉइंटमेंट घ्यायला सांगितलीये, फीचे पैसे तिच्या खात्यावर टाकलेत, नाही म्हणू नकोस. जाताना ट्यूब आणि थायरॉइडचे रिपोर्ट दोन्ही पर्समध्ये ठेव.

तुझी,
माई